दुबईला हळकुंडाचा कंटेनर: एफओबी लिहू, एफसीए लिहू की सीआयएफ?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीहून पॉलिश केलेलं राजापुरी हळकुंड दुबईला पाठवायचं आहे. माल १२ टन, २५ किलोच्या ४८० पिशव्या, एक वीस फुटी कंटेनर, न्हावा शेवाहून जेबेल अलीला. निर्यातीचे परवाने-कागद, म्हणजे आयईसी, स्पाइसेस बोर्डाची नोंदणी, एलयूटी, बँकेचा एडी कोड, हे सगळं झालं आहे. अडलंय ते शब्दांपाशी.

खरेदीदाराने मेलमध्ये एवढंच लिहिलंय: एफओबी आणि सीआयएफ दोन्ही रेट द्या, पेमेंट डीपी (पैसे भरल्यावर कागद) किंवा साइट एलसी (कागद दाखवले की पैसे, अशी बँकेची हमी), बीएल (जहाजकंपनीची मालाची पावती) टू ऑर्डर, डेस्टिनेशनला १४ फ्री डेज (कंटेनर ठेवायला बिनआकाराचे दिवस). इकडे फॉरवर्डरच्या (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटच्या) कोटेशनमध्ये टीएचसी, बीएल फी, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन), सील अशा वेगवेगळ्या ओळी आहेत.

माझी जबाबदारी नेमकी कुठे संपते, एका रेटवरून दुसरा कसा काढायचा आणि डीपी घ्यावं की एलसी, हे कोणी नीट सांगेल का? शब्दांचे अर्थ नेटवर सापडतात, पण कोणता शब्द लिहिल्यावर माझ्या खिशातून काय जातं ते तिथे कळत नाही.

पेठकरी

सोपं आहे. एफओबी म्हणजे बंदरापर्यंत तुमचं, पुढचं त्याचं. सीआयएफ म्हणजे जेबेल अलीपर्यंत सगळी जबाबदारी तुमची, कारण भाडं आणि विमा तुम्ही भरता. मसाल्यात सगळे एफओबीच लिहितात, तुम्हीही लिहा.

बंदरवाट

पेठकरी, एफओबीचा ढोबळ अर्थ ठीक आहे, पण सीआयएफबद्दल लिहिलंत ते बरोबर नाही. हाच गैरसमज सगळ्यात महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इन्कोटर्म्स, म्हणजे एफओबी-सीआयएफसारख्या संज्ञांचे नियम, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे (आयसीसी). सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि तिच्यात एकूण ११ संज्ञा आहेत. प्रत्येक संज्ञेत दोन रेघा शोधायच्या. एक खर्चाची: कुठपर्यंतचे पैसे विक्रेता भरतो. दुसरी जोखमीची: कुठपासून माल बुडाला, भिजला, चोरीला गेला तर नुकसान खरेदीदाराचं. एफओबीत दोन्ही रेघा एकाच जागी पडतात, न्हावा शेवाला माल जहाजावर चढल्यावर. सीएफआर (भाडं विक्रेत्याचं, विमा नाही) आणि सीआयएफमध्ये त्या फाटतात. खर्चाची रेघ जेबेल अलीला, पण जोखमीची रेघ न्हावा शेवालाच, एफओबीत होती तिथेच. म्हणजे सीआयएफवर विकलेला कंटेनर वाटेत समुद्रात गेला तरी कागद बरोबर असतील तर तुमचे पैसे देणं खरेदीदाराला भाग आहे, आणि विम्याचा दावा त्याने करायचा. जेबेल अलीला माल पोचेपर्यंतची जोखीम खरोखर तुमच्यावर हवी असेल तर ती संज्ञा डीएपी.

आता कंटेनरची अडचण. एफओबी, एफएएस, सीएफआर, सीआयएफ या चार संज्ञा फक्त जलवाहतुकीच्या, आणि माल थेट जहाजावर चढवण्याच्या पद्धतीवर बेतलेल्या. कंटेनरचं तसं होत नाही. तो टर्मिनलच्या गेटमधून आत गेला की तुमच्या हातातून सुटतो आणि यार्डात दोन-तीन दिवस उभा राहतो. जहाज लांबलं तर आणखी. एफओबी लिहिलं असेल तर त्या सगळ्या दिवसांची जोखीम तुमची, आणि ताबा मात्र तुमचा नाही. एफसीए लिहिलं तर ठरलेल्या ठिकाणी कॅरियरच्या (वाहतूक कंपनीच्या) ताब्यात दिला की तुम्ही मोकळे. कंटेनरसाठी आयसीसी स्वतः एफसीए सुचवते. सीएफआरची कंटेनर-जोडी सीपीटी, सीआयएफची सीआयपी.

एफसीएमध्ये ठिकाण नेमकं लिहा. ‘एफसीए सांगली’ म्हणून तुमचं गोदाम लिहिलं तर ट्रकवर माल भरून देणं तुमच्याकडे. ‘एफसीए न्हावा शेवा’ आणि पुढे टर्मिनलचं नाव लिहिलं तर तिथपर्यंत गाडी नेणं तुमच्याकडे, गाडीवरून उतरवणं तुमच्याकडे नाही. नुसतं ‘एफसीए इंडिया’ लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. एलसीवर एफसीए करत असाल तर एक गोष्ट आधी ठरवून घ्या. बँकेला ‘शिप्ड ऑन बोर्ड’ शिक्क्याचं बीएल लागतं, आणि एफसीएत तुम्ही माल त्याआधीच सोपवलेला असतो. २०२० च्या आवृत्तीत यासाठी सोय आहे: खरेदीदाराने कॅरियरला सूचना द्यायची की ऑन बोर्ड नोंद असलेलं बीएल विक्रेत्याला द्या. पण हे करारात लिहिलेलं असेल तरच लागू होतं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवतो. शिपिंग बिलात (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या अर्जात) ‘एफओबी मूल्य’ असा रकाना असतो. ते कस्टम्सचं मोजमाप, त्याचा करारातल्या संज्ञेशी संबंध नाही. तुम्ही सीआयएफवर विकलं तरी सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) त्यातून भाडं आणि विमा वेगळा दाखवून एफओबी मूल्य भरतो. रोडटेप (निर्यात मालावरच्या करांची सरकारी परतफेड) तुमच्या एचएस कोडला (मालाच्या वर्गीकरण क्रमांकाला) लागू असेल तर त्याचा टक्काही याच मूल्यावर निघतो. तो हवा असेल तर शिपिंग बिलात त्या मालाच्या ओळीला ‘हो’ भरलंय का ते सीएचएच्या चेकलिस्टमध्ये (बिलाच्या मसुद्यात) बघून घ्या.

आकडेमोड

रेटचा हिशोब करून दाखवतो. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही बसवा.

गोदामातला माल १७,४०० डॉलर. सांगली ते न्हावा शेवा वाहतूक ४५०, सीएचए आणि कस्टम्सचे कागद २००. झाले एफसीए न्हावा शेवा १८,०५०. टीएचसी म्हणजे टर्मिनलवर कंटेनर हाताळण्याचा आकार. तो आणि बीएल फी मिळून २०० धरू, म्हणजे एफओबी १८,२५०. समुद्रभाडं ३५०, सीएफआर १८,६००.

सीआयएफला लोक इथे चुकतात. विमा सीआयएफ मूल्याच्या ११० टक्क्यांवर काढायचा असतो, सीएफआरच्या नाही. म्हणून सीएफआरला (१ − १.१ × विम्याचा दर) ने भागायचं. दर ०.१५ टक्के धरला तर १८,६०० ÷ ०.९९८३५ = १८,६३०.७४. टनाला १,५५२.५६ येतं, तुम्ही १,५५३ लावाल, बिल १८,६३६ चं होईल. मग पॉलिसी किमान २०,४९९.६० ची हवी. कोणी सीएफआरचे ११० टक्के काढून २०,४६० ची पॉलिसी घेतली तर फरक फक्त ३९.६० डॉलर, पण एलसीवर बँक तेवढ्यावरून कागद नापास करते. पॉलिसीची तारीखही बीएलच्या तारखेनंतरची चालत नाही.

सीआयएफमध्ये विक्रेत्याने निदान इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज (माल-विम्याच्या ठरीव अटी) ‘सी’ घ्यायचा असतो. ‘सी’मध्ये आग, जहाज बुडणं, टक्कर अशा मोठ्या आपत्ती येतात; पाणी शिरून माल भिजणं किंवा चोरी येत नाही. हळदीचं खरं भय भिजण्याचंच. म्हणून करारात ‘क्लॉज ए’ लिहून घ्या, प्रीमियममधला फरक किरकोळ असतो. सीआयपीमध्ये २०२० पासून ‘ए’ सक्तीचाच आहे. मात्र माल मुळात ओलसर भरला आणि बुरशी आली तर ‘ए’सुद्धा भरपाई देत नाही, कारण तो मालाचाच दोष धरला जातो.

एफओबी किंवा सीएफआरवर विकलंत तर समुद्राचा विमा खरेदीदार काढेल, पण सांगलीहून जहाजापर्यंतचा टप्पा त्यात धरलेला नसतो. तेवढ्यासाठी स्वतःची पॉलिसी काढा.

आणि समुद्रभाडं आठवड्याला बदलतं. इंधन अधिभार, युद्धजोखीम अधिभार मध्येच लागतात. त्यामुळे सीएफआर-सीआयएफ कोटेशनवर मुदत घाला, सात दिवस पुष्कळ झाले.

हुंडीवाले

पेमेंटचं मी सांगतो.

डीपीमध्ये तुमचे कागद तुमच्या बँकेतून त्याच्या बँकेत जातात. पैसे भरले की कागद, आणि मूळ बीएल हातात असल्याशिवाय लाइन (जहाजकंपनी) माल सोडत नाही. डीएमध्ये फरक एवढाच की त्याने हुंडी स्वीकारली, म्हणजे ६० किंवा ९० दिवसांनी देतो अशी सही केली, की कागद मिळतात. माल त्याच्याकडे, तुमच्याकडे नुसती सही. नवीन पार्टीला डीए देऊ नका. द्यायचंच असेल तर ईसीजीसीचं (सरकारी निर्यात पतविमा कंपनीचं) संरक्षण घेऊन. डीपी आणि डीए दोन्हींत बँक फक्त टपाल पोचवते, पैशाची हमी देत नाही. हमी फक्त एलसीत, तीही कागद अटींबरहुकूम असतील तर.

डीपीचा सगळा भार बीएलवर असतो, तेव्हा बीएल नीट बघा. ‘टू ऑर्डर’ म्हणजे कन्साइनीच्या रकान्यात कोणाचं नाव नाही, आणि तुम्ही मागे सही-शिक्का केला की कागद ज्याच्या हातात त्याचा माल. खरेदीदाराचं नाव ‘नोटिफाय पार्टी’मध्ये येतं, त्याला माल आल्याची खबर मिळते, हक्क मिळत नाही. तीन मूळ प्रती निघतात आणि त्यातली कोणतीही एक देऊन माल सोडवता येतो, म्हणून तिन्ही बँकेतच जायला हव्यात. ‘एक मूळ प्रत थेट कुरियरने पाठवा’ अशी मागणी आली तर डीपीला काही अर्थ उरत नाही. सरेंडर बीएल, टेलेक्स रिलीज, सी वेबिल ही तिन्ही नावं एकच गोष्ट सांगतात: मूळ कागदाशिवाय माल सुटेल. पैसे खात्यात आल्याशिवाय यातलं काही करू नका.

न्हावा शेवा ते जेबेल अली या मार्गाची एक खास अडचण आहे. जहाज चार-पाच दिवसांत पोचू शकतं, आणि कागद दोन बँकांमधून फिरत त्यानंतर पोचतात. मग खरेदीदार फोन करतो की भाडं चढतंय, टेलेक्स करा. या घाईतच लोक फसतात. उपाय आधी करायचा: बीएलचा मसुदा जहाज सुटण्यापूर्वी तपासून मंजूर करून ठेवायचा, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (वनस्पती-आरोग्याचा दाखला), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन तयार ठेवायचं, आणि मूळ बीएल मिळालं त्याच दिवशी बँकेत जमा करायचं. १४ फ्री डेजची मागणी यासाठीच योग्य आहे, ती मान्य करा, पण बुकिंगच्या वेळी लाइनकडून लेखी घ्या.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणजे माल भारतात झाल्याचा दाखला. भारत-यूएई सेपा करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याची शुल्कसवलत खरेदीदाराला हवी असेल तर साधा दाखला चालत नाही, सेपाखालचा प्रेफरेन्शियल दाखला लागतो. कोणता हवा ते ऑर्डरच्या वेळीच विचारा.

कृष्णाकाठ

खूप आभार. दोन प्रश्न उरले. पार्टीने एलसीचा मसुदा पाठवलाय, त्यात ‘४८० बॅग्ज, १२ मेट्रिक टन’ असं आहे. पॅकिंग करताना चार-सहा पिशव्या कमी-जास्त झाल्या तर चालतं ना? आणि डिमरेज आणि डिटेन्शन एकच का?

हुंडीवाले

नाही चालत. एलसी यूसीपी ६०० या नियमांवर चालते. त्यात मालाच्या प्रमाणात ५ टक्के कमी-जास्तची सूट आहे, पण एलसीत नगांची संख्या लिहिली असेल तर ती सूट जाते. नुसतं ‘१२ मेट्रिक टन’ असतं तर ११.४ टनापर्यंत खाली गेलेलं चाललं असतं. ‘४८० बॅग्ज’ लिहिलंय म्हणजे ४७८ भरल्या तरी डिस्क्रेपन्सी (कागद अटींशी न जुळणं). एक तर संख्या काढायला लावा, किंवा ‘अबाउट’ हा शब्द संख्येला, वजनाला आणि रकमेला, तिन्हींना लावून घ्या. त्याने १० टक्क्यांची मुभा मिळते. फक्त वजनाला लावला तर रकमेची मर्यादा तशीच राहते आणि जास्तीच्या मालाचे पैसे मिळत नाहीत.

मसुद्यात आणखी चार जागा बघा. मालाचं वर्णन: एलसीत ‘टर्मरिक फिंगर पॉलिश्ड’ असेल तर इन्व्हॉइसवर तेच शब्द, ‘होल टर्मरिक’ नको. शेवटची शिपमेंट तारीख: जहाज एकदा चुकलं तरी पुढच्या जहाजाला जागा राहील इतकी लांब. कागद सादर करण्याची मुदत: काहीच लिहिलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवस, पण एलसी संपण्याच्या आतच. एक्स्पायरीचं ठिकाण: ते दुबई असेल तर कागद त्या तारखेला दुबईच्या बँकेत हवेत, भारत करून घ्या. बँकेला तपासणीला कामाचे पाच दिवस मिळतात आणि चूक निघाली की दंडाची रक्कम तुमच्या पैशातून कापली जाते. मसुद्यात दुरुस्ती फुकट होते, एलसी उघडल्यावर प्रत्येक दुरुस्तीला पैसे.

यार्डबाबू

डिमरेज आणि डिटेन्शन वेगळे. साधारण अर्थ असा: भरलेला कंटेनर फ्री डेज संपल्यावरही बंदरात पडून राहिला तर डिमरेज, बंदराबाहेर नेला आणि रिकामा वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. टर्मिनलचं जागाभाडं यापेक्षा वेगळं. काही लाइन दोन्हींचे फ्री डेज एकत्र मोजतात, काही वेगळे, म्हणून ‘१४ दिवस कम्बाइन्ड की सेपरेट’ हे विचारा. आणि लक्षात ठेवा, तिकडे खरेदीदाराने माल उचललाच नाही तर लाइन शेवटी शिपरकडे (माल पाठवणाऱ्याकडे) वळते, कारण बीएलवर शिपर तुम्ही आहात. सीआयएफ लिहिल्याने त्यातून सुटका नाही.

इकडेही डिटेन्शन लागतं. रिकामा कंटेनर यार्डातून उचलल्यापासून भरून टर्मिनलमध्ये जाईपर्यंतचे दिवस मोजले जातात. सांगलीला फॅक्टरी स्टफिंग करायचं असेल तर जाणं-येणं, भरणं, ई-सील यांचे दिवस धरून उचला, फार आधी नको.

कंटेनर दारात आला की आधी आत उभं राहून दारं लावून घ्या. कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार, तो परत करा. जमीन हाताने चाचपा, दमट असेल किंवा आधीच्या मालाचा, रसायनाचा वास असेल तरी परत. हळद वास ओढून घेते. भिंतींना क्राफ्ट पेपर लावा आणि डेसिकंटच्या पिशव्या टांगा. दिवसा तापलेला पत्रा रात्री गार झाला की आतल्या हवेतलं पाणी छताला लागून वरच्या थरावर टपकतं. लाकडी पॅलेट वापरलेत तर त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का हवा.

व्हीजीएमचं वजन म्हणजे मालाचं वजन नव्हे. १ जुलै २०१६ पासून सोलास (सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमाने ते सक्तीचं आहे. तुमच्या मालाचं उदाहरण: निव्वळ १२,००० किलो, पिशवी १०० ग्रॅमची धरली तर ४८ किलो, म्हणून ग्रॉस १२,०४८. बीएल आणि पॅकिंग लिस्टवर हेच जातं. त्यात कागद आणि डेसिकंट समजा २२ किलो, आणि कंटेनरच्या दारावर लिहिलेलं टेअर (रिकाम्या कंटेनरचं वजन) समजा २,२३० किलो. व्हीजीएम १४,३००. टेअर प्रत्येक कंटेनरचं वेगळं, दारावरचंच घ्या, अंदाजाने नको.

मग कट-ऑफ. एसआय कट-ऑफ म्हणजे बीएलचा तपशील लाइनला द्यायची वेळ, व्हीजीएम कट-ऑफ, आणि गेट कट-ऑफ म्हणजे कंटेनर टर्मिनलमध्ये शिरायची शेवटची वेळ. न्हावा शेवाला गेटवर फॉर्म १३ (कंटेनर आत नेण्याचा परवाना) लागतो, त्यातला कंटेनर नंबर, सील नंबर जुळला नाही तर गाडी बाहेरच उभी. एकही कट-ऑफ चुकला की कंटेनर शट आउट होऊन पुढच्या जहाजावर जातो, आणि एलसीची शिपमेंट तारीख उलटते. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे कस्टम्सची निर्यातीला अंतिम परवानगी, मिळाल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. जहाज सुटल्यावर लाइन ईजीएम (जहाजावरच्या निर्यात मालाची कस्टम्सला द्यायची यादी) भरते. त्यात तुमच्या शिपिंग बिलाचा किंवा कंटेनरचा नंबर चुकला तर सरकारकडून येणारं सगळं अडकतं, म्हणून आठवड्याभरात आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) स्थिती बघा. एरर दिसली तर सीएचएकडून लाइनला लगेच कळवा.

बंदरवाट

कृष्णाकाठ, खरेदीदाराला एफओबी मागायची सवय आहे, ती एका मेलने जाणार नाही. तुम्ही दोन ओळी द्या. पहिली: एफसीए न्हावा शेवा, टर्मिनलचं नाव, इन्कोटर्म्स २०२०, टनाला अमुक डॉलर, ओरिजिन टीएचसी खरेदीदाराकडे. दुसरी: सीआयएफ जेबेल अली, इन्कोटर्म्स २०२०, टनाला अमुक डॉलर, विमा क्लॉज ए, ११० टक्के, डेस्टिनेशन टीएचसी आणि आयात शुल्क खरेदीदाराकडे. दोन्हींखाली: यूएईमधले बँक चार्जेस खरेदीदाराचे, १४ फ्री डेज लाइनच्या मंजुरीवर, रेट सात दिवस. तो एफओबीवरच अडला तर एफओबी द्या, पण टीएचसीचे पैसे रेटमध्ये घालून आणि यार्डातल्या दिवसांचा विमा स्वतः काढून.

कृष्णाकाठ

मसुद्यातून ‘४८० बॅग्ज’ काढायला आणि एक्स्पायरी भारतात करायला आत्ताच मेल टाकतो. फॉरवर्डरला फ्री डेज कम्बाइन्ड की सेपरेट हेही विचारतो. टेअर आणि सील नंबरसाठी स्टफिंगच्या वेळी दाराचा फोटो काढून ठेवायला सांगितलंय.

यार्डबाबू

दोन फोटो काढा. एक रिकाम्या कंटेनरचा, दारं उघडी असताना आतून. दुसरा भरून सील लावल्यावर. भिजल्याचा दावा आला तर सर्वेयर आधी रिकाम्याचाच मागतो.